वरातीच्या मापाने जपानी बँड

वडील ज्या चादरीच्या कारखान्यात होते तो बंद पडला, आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला लागली, आणि बारावी झालेल्या मला कॉलेजात घालायचं की टॉवेलच्या कारखान्यात, यावर घरात रोज खल चालला होता. त्या वर्षी आमच्या अख्ख्या गोतावळ्यात एकच माणूस आनंदात होता, आणि तो म्हणजे माझा मामा. मामा लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. भवानी पेठेतली निम्मी जोडपी त्याच्या ठोक्यावर बोहल्यापर्यंत पोचली आहेत. पण त्याची खरी ओळख ती नव्हे. जपानी रॉक बँडची त्याच्याइतकी पारख असलेला माणूस सोलापुरातच काय, पुण्यातही सापडणार नाही. हे मी भाचा म्हणून बोलत नाही.

याची सुरुवात माझ्यामुळेच झाली. आषाढात मुहूर्त नसतात, तेव्हा मामा आमच्याकडे येऊन पडायचा. मी मोबाईलवर जपानी कार्टून बघत होतो आणि सुरुवातीचं गाणं नेहमीसारखं पुढं ढकललं. मामा उठून बसला. म्हणाला, "मागं घे." मी मागं घेतलं. "आजून मागं." त्या दिवशी कार्टून काही बघून झालं नाही. ते गाणंच तो ऐकत बसला आणि शेवटी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "ह्यो ड्रमवाला खातोय तरी काय, तेवढं इचार."

मग मामा स्वतःच बँड शोधायला लागला. जपानी नावं वाचता येईनात म्हणून त्यानं प्रत्येकाचं बारसं केलं. शाळेच्या कोटासारखे कोट घालून वाजवणारे 'कोटवाले'. चार पोरींचा बँड 'चौघीजणी'. तोंडाला रंग फासणारे 'भुतं'. आणि ज्याचा गायक प्रत्येक गाण्याच्या शेवटी हुंदका दिल्यासारखं करतो तो 'रडका'. या सगळ्यांची परीक्षा तो एकाच मापानं घ्यायचा: वरातीत चालतील का? 'भुतं' सुरुवातीलाच नापास झाली, कारण नवरीकडची लहान पोरं भ्यायली असती. कोटवाल्यांचा ड्रेस त्याला पसंत होता, पण त्यांचा ड्रमवाला बसून वाजवतो याचं त्याला फार वाईट वाटायचं. "हात एक नंबर हाय रं. पर गळ्यात आडकवून चालायला लाव, चौकापतूर टिकायचा न्हाय."

पारख झाली की ती वाटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. चहाच्या गाड्यावर कॉलेजची पोरं दिसली की हा त्यांच्यात जाऊन बसायचा. "कितवीला हाईस? अकरावी? मग कोटवाले आत्ताच नगं, झेपायचे न्हाईत. चौघीपास्नं सुरवात कर." एका पोराचं प्रेम मोडलं होतं. त्याला सगळ्यांनी 'रडका' ऐकायला सांगितला असता. मामानं साफ मनाई केली. "आदीच तू रडतोयस, त्यात त्यो. घरात दोन दोन कशाला? तू भुतं ऐक." पोरगा चार दिवसांत गाड्यावर हसत आला. मामाला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

एकदाच त्याचा अंदाज चुकला. बँडचा मालक बाहेरगावी गेलेला बघून मामानं क्लॅरिनेटवाल्याला कोटवाल्यांचं एक गाणं शिकवलं आणि एका वरातीत लावलं. पोरं नाचली, करवल्या नाचल्या, घोडासुद्धा खूश दिसला. पण वरात बँडच्या चालीनं चालते, हे ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक तोच ते विसरला. ते गाणं इतकं पळतं, की दोन तास रेंगाळणारी वरात अर्ध्या तासात मांडवाच्या दारात हजर. आत नवरीच्या मामाचा फेटा निम्मा बांधलेला, आचारी कढईपाशी, आणि ओवाळणाऱ्या बाया अजून वेण्या घालत होत्या. नवरदेवाचा चुलता भडकला. "आरं वरात काडलीस का रेल्वे?" आमच्या मामानं शांतपणे सगळ्यांना मागं वळवलं आणि पुन्हा एकदा पेठ हिंडवून आणली. पुढचा हंगामभर मालकानं त्याला जनरेटरच्या गाडीमागं ठेवलं.

तोवर घरातला खल कॉलेजच्या बाजूनं मिटला होता आणि मी कॉलेजात जायला लागलो होतो. बी.एस्सी., आणि सगळं इंग्लिशमधून. आमच्या शाळेत बारावीपर्यंत पुस्तकं इंग्लिश असली तरी सर सगळं, इंग्लिशसुद्धा, मराठीतून शिकवायचे. मी शेवटच्या बाकावर बसायचो आणि तासभर सरांच्या ओठांकडं बघायचो. दिवाळी सरली तरी वहीत तारखेशिवाय काही नव्हतं. एके दिवशी मी आईला सांगून टाकलं की मी सोडतो, सोमवारपासून टॉवेलच्या कारखान्यात जातो. आई वळलेली विडी बाजूला ठेवून म्हणाली, "कळतच न्हाय तर बसून तरी काय करायचं बाबा."

मामा दारातच चप्पल काढत होता. "आक्का, जरा थांब." मग माझ्याकडं वळून, "आपन दोगं एवडं जपानी ऐकतोय. काय कळतंय तुला त्यातलं?"

"काहीच नाही."

"मग उटून जातोस व्हय?"

"मामा, त्याची परीक्षा नसते."

यावर मामानं काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. पण दुसऱ्या दिवशी तो माझ्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा होता. सकाळची वरात उरकून तसाच आलेला, त्यामुळं अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. शिपायाला वाटलं कुणी पाहुणे आले, त्यानं सलाम केला. फिजिक्सचा अख्खा तास मामा खिडकीच्या गजावर बोटांनी हळूहळू ठोके देत होता.

तास सुटल्यावर म्हणाला, "सर लई बिगीनं वाजवतोय, पर बेताल न्हाय. 'देअरफोर', 'देअरफोर' म्हनतोय बग अदनंमदनं. तितं सम हाय. मागचं सगळं गोळा करून त्यो तितं येतोय. आदी तेवडी सम धर. मदलं येतंय मागनं."

मी सोमवारी कारखान्यात गेलो नाही. 'देअरफोर' आला की पुढचं वाक्य उतरवायचं, एवढंच धरलं. कधी कधी 'देअरफोर'नंतर सर नुसतंच 'कीप क्वाएट' म्हणायचे, तेही माझ्या वहीत आहे. पण घरी जाऊन पुस्तकात ती वाक्यं शोधली की मागचं पान उलगडायला लागायचं. पहिल्या वर्षी काठावर निघालो. दुसऱ्या वर्षी जरा बरा. तिसऱ्या वर्षी मधलंही कळायला लागलं.

पदवी घ्यायला गेलो त्या दिवशी लग्नाची तिथ दाट होती, मामाला येता आलं नाही. कार्यक्रम संपल्यावर मीच त्याला शोधत गेलो. एका वरातीत तो मागच्या रांगेत दिसला. कोट आता त्याला सैल व्हायला लागलाय. वरातीत थांबता येत नाही, म्हणून मी त्याच्या शेजारून चालायला लागलो. त्यानं भुवया उडवून विचारलं. पदवी मिळाली, मी सांगितलं. इतकी वर्षं ड्रमपाशी घालवून त्याला आता कमी ऐकू येतं. त्यानं हात न थांबवता डोकं माझ्याकडं वाकवलं. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं. मागच्या बाया वळून बघायला लागल्या.

"सगळं इंग्लिशमदनं?"

"व्हय. सगळं इंग्लिशमदनं."

मामानं मान हलवली आणि समोर बघून वाजवत राहिला. मी मांडवापर्यंत त्याच्याबरोबर चाललो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी आहे.