सावकाश चालणारी गाडी

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. त्यांच्या बसमधून गेलेली मुलं आता टक्कल पडलेली, चष्मे लागलेली माणसं झाली आहेत. पण रस्त्यात दिसले की अजून हाक येतेच, "काय गोगलगाय काका, ओळखलंत का?" भावोजींना या नावाचा कधी राग आला नाही. म्हणायचे, "गोगलगाईच्या पाठीवर तिचं एकटीचं घर असतं. माझ्या पाठीवर गल्ल्यागल्ल्यांतल्या घरांची पोरं होती. पळू कसा?"

ब्रेक असा लावायचे की मागच्या बाकावर पेंगणारं पोरसुद्धा जागं होऊ नये. सकाळी बस सुरू केली की बराच वेळ ती जागच्या जागी नुसती घुरघुरत ठेवायची, मग हलवायची. "माणसाला तरी झोपेतून उठल्या उठल्या कुणी पळवतं का?" बाकीचे ड्रायव्हर हसत. पण भर रस्त्यात बंद पडलेली बस मुलांना ढकलत आणावी लागली, असं त्यांच्या बसच्या बाबतीत कधी घडलं नाही.

स्वतःची गाडी मात्र निवृत्त झाल्यावर आली, आणि तीही हौस म्हणून नव्हे. ताईचं दुखणं तोवर पाठीच्या हाडात उतरलं होतं. रिक्षा, टॅक्सी, शेजाऱ्यांची गाडी, कशातही बसली तरी खड्डा आला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. शोरूममध्ये लोक रंग बघतात, आवाजाची यंत्रणा बघतात. भावोजींनी मागची सीट पूर्ण आडवी होते का ते विचारलं आणि कोट घातलेल्या विक्रेत्यासमोर, बूट बाहेर काढून, स्वतः आत आडवे झाले. डोळे मिटून म्हणाले, "जरा गाडी हलवून दाखवा."

तो बिचारा बघतच राहिला. मी म्हटलं, "भावोजी, उठा, लोकांना वाटेल विकत घेण्याआधीच मुक्काम ठोकला."

"मेहुणीबाई, झोपायचं तिला आहे. मी नको का बघायला?"

गाडी डिझेलची घेतली. का, तर डिझेलच्या इंजिनाचं बोलणं त्यांना कळतं. देताना शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढला, फोन गाडीला कसा जोडायचा ते दोनदा शिकवलं. या नव्या इंजिनाला काय सोसत नाही, ते कुणी सांगितलं नाही.

आणि गाडीचं आयुष्य तरी काय होतं? घर ते इस्पितळ, इस्पितळ ते घर. सकाळी भावोजी तिला दारात घुरघुरत ठेवायचे, तोवर मी ताईला उशा लावून मागे झोपवायची. मग गाडी निघायची ती पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीने. मागून हॉर्न वाजायचे. ताई पडल्या पडल्या म्हणायची, "अहो, ती म्हातारी काठी टेकत पुढे गेली बघा. तिलाच विचारा, आम्हाला सोडतेस का." पण तिच्या चेहऱ्यावर सुरकुती उमटायची नाही. त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

काही महिन्यांतच गाडीचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने गाडी ठेवून घेतली, कॉम्प्युटर जोडला, दिवा घालवला, गाडी धुऊन पुसून परत दिली. भावोजी खूश. महिनाभराने दिवा परत हजर. या वेळी मीही बरोबर होते. काचेच्या भिंतीआड गारठलेली बसायची खोली, आवाज बंद केलेला टीव्ही, आणि काउंटरवर केसांत पेन खोचलेल्या एक मॅडम. त्यांनी गाडी कशी वापरता ते नीट ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाल्या, "काका, गाडीत दोष नाही. तुम्ही फार जपून चालवता."

"म्हणजे?"

"या इंजिनाच्या धुरात काजळी असते ना, ती अडवायला नळीत एक जाळी असते. गाडी चांगली जोरात, बराच वेळ पळाली की जाळी तापते आणि काजळी आपोआप जळून जाते. तुमची गाडी कधी तापतच नाही. उलट उभ्या उभ्या चालू ठेवता, त्याने आणखी साठते. हायवेला न्या आणि पळवा."

भावोजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एखाद्या स्वयंपाकिणीला सांगावं की बाई, तुझ्या हातच्या जेवणानेच माणूस आजारी पडतोय, तसा तो झाला होता.

मी म्हटलं, "मी ताईजवळ बसते, तुम्ही एकटे जाऊन पळवून आणा." पण ताईने ऐकलं. "मला टाकून हिंडायला निघालात होय? मी पण येणार." इस्पितळाच्या भिंतींशिवाय काही पाहिलं नव्हतं तिने कितीतरी दिवसांत. तिला नाही कोण म्हणणार?

गेलो. हायवेला लागल्यावर भावोजींनी गाडीचा वेग वाढवला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना गाडी पळवताना बघत होते, आणि सांगते, सुरेख पळवली. इंजिनाचा आवाजही मोकळा झाला. ताई म्हणाली, "अगं बाई, गोगलगाईला पंख फुटले की!" पुढे पुलांचे सांधे लागले. एकेका सांध्यावर गाडी उडायची आणि ताईची बोटं माझ्या मनगटात रुतायची. तोंडातून हूं की चूं नाही. भावोजींनी आरशात तिच्याकडे पाहिलं. तिने खालचा ओठ दातांत धरला होता. त्यांनी पाय उचलला, गाडी कडेच्या पट्ट्यात घेतली आणि आम्ही आपल्या नेहमीच्या चालीने घरी आलो. दिवा तसाच.

"भावोजी, उद्या एकटे जा," मी म्हटलं.

"जाईन," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून ताईला एकटं सोडायची सोयच राहिली नाही. मी बसले तरी ती दर थोड्या वेळाने विचारायची, "हे कुठे गेले?" दिवा पिवळाच राहिला.

त्याच सुमारास त्यांच्या लेकीला मुलगी झाली. दूरच्या शहरात, पोट फाडून काढावी लागली. डॉक्टरांनी लेकीला प्रवास सक्त मना केला होता. ताईच्या मनाने घेतलं, नातीला एकदा मांडीवर घ्यायचं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं, न्यायचं असेल तर लवकर न्या. जायचा दिवस ठरला. ताईने माझ्याकडून कपाटातल्या जुन्या मऊ साडीची दुपटी शिवून घेतली. "टाके बारीक घाल हं. तुझे टाके म्हणजे कुंपण असतं."

निघायच्या आदल्या सकाळी गाडी सुरू केली, तर दिवा लाल आणि इंजिनाला दमच नाही. गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत पांढरा धूर, मग खडखडाट, मग गप्प. ओढून न्यायला ट्रक आला. खिडकीतून बघत ताई म्हणाली, "माझ्याआधी तिलाच उचलून नेली. दवाखान्याच्या वाऱ्या तिच्याच जास्त झाल्या म्हणायच्या."

तिथून सुरू झालं ते 'उद्या'. आधी कळलं, जाळी तुंबल्यामुळे डिझेल इंजिनच्या तेलात उतरलं आणि इंजिन आतून घासलं गेलंय. मग, भाग मागवलाय, उद्या येईल. आला, पण वेगळ्याच मॉडेलचा. मग कंपनीचा माणूस येऊन बघणार, चूक गाडीची की चालवणाऱ्याची ते तो ठरवणार, तोही उद्या. मॅडम रोज स्वतः फोन करायच्या. "काका, उद्या संध्याकाळी नक्की." आणि भावोजी फोन ठेवून ताईला सांगायचे, "उद्या नक्की." सर्व्हिस सेंटरवाल्यांचं चुकलं ते इथे. एकदम कळलं असतं की गाडी इतके दिवस मिळणार नाही, तर माणूस दुसरा विचार करतो. पण उद्याचं काय, उद्या उजाडेपर्यंत धीर धरता येतो.

आमच्या ह्यांनी भाड्याची मोठी गाडी बघून ठेवली. भावोजी म्हणाले, "तो ड्रायव्हर तिला आपटत नेईल. माझी गाडी येतेच आहे." ह्यांनी परत विषय काढला. परत तेच. लेक फोनवर चिडली, "बाबा, गाडी कुणाची आहे याने काय फरक पडतो?" ते म्हणाले, "तुझ्या आईला फरक पडतो." ते खोटं नव्हतं. पण मला वाटतं, त्यात त्यांचाही थोडा हट्ट होता. एवढी वर्षं परक्यांची पोरं सांभाळून नेली, आणि स्वतःच्या बायकोला या एका प्रवासाला दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

शेवटी एका सकाळी स्वतःच म्हणाले, "बोलवा ती गाडी." दुपारच्या आत गाडी दारात आली. ड्रायव्हर शांत, भला माणूस होता. भावोजींनी त्याला पुलांचे सांधे कुठे कुठे आहेत ते सांगितलं. मग आम्ही चौघांनी चादरीची चार टोकं धरून ताईला पलंगावरून उचललं, आणि ती ओरडली. एवढ्या दुखण्यात मी तिचं ओरडणं पहिल्यांदा ऐकलं. आम्ही तिला परत खाली ठेवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "अहो, राहू द्या आता."

संध्याकाळी लेकीने फोनवर बाळ दाखवलं. ताईने बोट लावलं तसं चित्र मोठं झालं आणि पडद्यावर नुसता एक कान उरला. ती कानाकडेच बघत राहिली. "कान माझ्यावर गेलाय," म्हणाली. पुन्हा बोट लावलं, आणि फोन बंद झाला.

त्याच आठवड्यात ताई गेली. लेक डॉक्टरांचं न ऐकता बाळाला घेऊन आली, पण ताईला नेऊन झाल्यावर पोचली.

गाडी तयार झाल्याचा फोन त्यानंतर आला. वॉरंटीत बसली होती. कंपनीच्या माणसाने चूक कुणाचीच धरली नव्हती. आमचे हे भावोजींबरोबर आणायला गेले. गाडी चकचकीत धुतलेली, सीटवर प्लास्टिक, पायाखाली कागद. मॅडमनी किल्ली देताना विचारलं, "काकू कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," भावोजी म्हणाले.

बाहेर आल्यावर ह्यांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. "तिचा दिवस कशाला खराब करायचा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बसलो असताना कंपनीच्या मुख्य ऑफिसातून फोन आला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होता. आमच्या सर्व्हिस सेंटरच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?

"कमी दिले तर काउंटरवरच्या मॅडमना विचारणा होते का?" भावोजींनी विचारलं.

पलीकडचा माणूस जरा घुटमळला. "होते, सर."

"दहा लिहा."

लेक बाळाला थोपटत होती, ती थांबली. "दहा? बाबा, दहा? 'उद्या, उद्या' करून त्यांनी माझ्या आईला..."

"गाडी नीट केली त्यांनी."

"आणि उशीर?"

"उशीर मी केला," भावोजी म्हणाले. "भाड्याची गाडी पहिल्याच दिवशी मिळत होती. मी नको म्हटलं."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हळू चालवली, त्याचं मला काही वाटत नाही. ती मागे झोपली असती तर उद्याही तशीच चालवली असती. इंजिन गेलं तर गेलं. पण तेवढं एक 'नको' म्हणायला नको होतं."

लेकीने बाळ उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग ती तोंड धुवायला आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. मी उठले नाही.