पर्समधला तिळगूळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुला सांगते, कारण परवा तू विचारलंस — घर, नोकरी, डोंबिवली ते घोडबंदर रोज कंपनीच्या बसने, आणि तरी पहिली कादंबरी पुरी कशी केलीस? मी म्हटलं, चिकाटी. कसली डोंबलाची चिकाटी! राग होता. नुसता राग.

माझी मोठी जाऊ, म्हणजे वहिनी, ठाण्याला राहते. सासूबाई तिच्याकडेच असतात. गणपतीत माझी कादंबरीची वही वहिनीच्या हाती लागली, आणि तिने पहिलं प्रकरण सगळ्या पाहुण्यांसमोर नाटकी आवाजात वाचून दाखवलं. वर म्हणाली, कादंबरीकार बाई, आधी आमटीत मीठ टाकायला शिका. सगळे हसले. माझा नवराही हसला. मी मोदक वाढत होते — हातातलं ताट तिच्या डोक्यात घालावं असं वाटलेलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये मोबाईलवर लिहायला लागले. शीळफाट्याला अडकलो की एक पान, माजिवड्याला अर्धं. कादंबरीतही एक मोठी जाऊ होती, आणि तिचे मी जे हाल केले! कंटाळा आला की वहिनीचा तो आवाज आठवायचा. बोटं आपोआप चालायची.

आणि मग संक्रांतीला ती आली. दुपारी, एकटीच, घरात माझ्याशिवाय कुणी नसताना. हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "चुकलं गं माझं. सगळ्यांसमोर असं करायला नको होतं." डोळे भरलेले तिचे. मी काय करायला हवं होतं? लाडू तोंडात टाकायचा, विषय संपला. पण — विषय संपला तर कादंबरीचं काय? अर्धीच तर झालेली. मी लाडू मुठीत धरला आणि नुसतं "बरं" म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, वहिनी काही बोलली का? मी सांगितलं, "तिळगूळ देऊन गेली. माफीचं एक अक्षर नाही."

हेच ते. हेच खोटं.

लाडू एका डबीत घालून पर्समध्ये ठेवला. वाळून दगड झाला. लिहावंसं वाटलं नाही की डबी हलवायची. खडखड वाजली की राग पुन्हा ताजा.

पुढच्या गणपतीत सासूबाई — नवऱ्याकडून कळलेलं त्यांना — चारचौघांत तिला म्हणाल्या, धाकटीची माफी मागायला काय जीभ झिजते का गं तुझी? वहिनी म्हणाली, "मागितली की. विचारा हिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक शब्द पुरला असता. मी मान खाली घालून मोदकाच्या कळ्या पाडत राहिले — आणि सांगू? बरं वाटलं मला. त्या दिवसापासून सासूबाई तिच्याशी कामापुरतंच बोलतात, एकाच घरात राहून. सोमवारी बसमध्ये मी सलग चार पानं लिहिली.

कादंबरी आली. वहिनीने विकत घेऊन वाचली, मग फोन केला. छान लिहिलंयस म्हणाली.

"फक्त ती जाऊ तिळगूळ घेऊन येते — ते नाही आलं गं कुठे."

"सुचलं नाही," मी म्हटलं.

डबी अजून पर्समध्येच आहे. दुसऱ्या कादंबरीची तीस पानं झालीत.