सर्वांत शांत कर्मचारी

अंजनगाव सुर्जीच्या आमच्या शाळेत मी लिपिक आहे, चोवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं लिपिक म्हणजे दाखले लिहिणारा माणूस. खरं तर शाळेतल्या प्रत्येकाचा पासवर्ड माझ्या डोक्यात असतो. कोणतं पोर्टल कधी बंद होणार, कोणाच्या सर्व्हिस बुकात कोणती नोंद राहिली, हे मलाच माहीत. कोणाच्या फोनवर ओटीपी आला की तो मास्तर खडू हातात घेऊन वर्गातून पळत येतो, "बाबूजी, आला, आला, टाका लवकर!" मी टाकतो. एवढ्या वर्षांत आमच्या एकाही शिक्षकाने स्वतःचा फॉर्म स्वतः भरलेला मी पाहिलेला नाही. मीही भरू दिला नाही, कारण त्यांच्या चुका निस्तरत बसण्यापेक्षा आपणच भरलेलं बरं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या सवयीतूनच घडलं.

आमची संस्था मोठी आहे. कार्यालय अमरावतीला, शाळा अंजनगाव, परतवाडा, अचलपूर आणि अकोल्याला. दोन वर्षांपूर्वी अचलपूरच्या शाळेत एक शिक्षक भर परीक्षेत चक्कर येऊन पडले. ते वाचले, पण कर्मचाऱ्यांवर ताण आहे हे तेव्हा संस्थेला कळलं. ताण कशाचा, असं आम्हाला कोणी विचारलं असतं तर दोन वाक्यांत सांगितलं असतं: रिकाम्या जागा भरा, आणि तीच माहिती दर आठवड्याला नव्या तक्त्यात मागणं थांबवा. कोणी विचारलं नाही. ध्यानाचं ॲप आणलं.

ऑगस्टपासून ते सुरू झालं. नियम असे होते. सकाळी दहा ते दहा चाळीस या वेळात, शाळेच्या आवारातच ॲप उघडायचं. आवाराबाहेर ते चालतच नसे. दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. एक बाई अगदी पुणेरी मराठीत सांगायची, "आता आपल्या खांद्यांना सैल सोडू या." शेवटी पाच चेहरे यायचे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि आज कसं वाटतंय ते दाबायचं. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. ज्याचा आला नाही त्याला मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागायचा. म्हणजे तुम्ही शांत का झाला नाहीत, याचं उत्तर तीन दिवसांत सादर करा.

पहिला आठवडा सगळे स्टाफरूममध्ये ओळीने बसले. खेळाचे सर घोरले. मराठीच्या सरांनी एक डोळा उघडा ठेवून पेपर तपासले. दुसऱ्या आठवड्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म आले, पोषण आहाराची तपासणी लागली, आणि एके सकाळी मुख्याध्यापकांनी स्वतःचा फोन माझ्या टेबलावर ठेवला. "बाबूजी, तुमी पाहून घ्या ना एवढं. मले बिडीओ ऑफिसले जा लागते." त्यांचं पाहून दुसऱ्याने ठेवला, मग तिसऱ्याने. पंधरा दिवसांत चौदाच्या चौदा फोन रोज माझ्याकडे यायला लागले. उत्तरपत्रिकांचा पत्र्याचा ट्रे होता, त्यात मी ते रांगेत मांडायचो. मधूनमधून ॲप विचारायचं, तुम्ही अजून सोबत आहात ना? तेव्हा प्रत्येक फोनला बोट लावावं लागायचं. एका हाताने बोनाफाईड लिहायचं, दुसऱ्या हाताने चौदा जणांना ध्यानात ठेवायचं. चौदा बाया थोड्या थोड्या अंतराने म्हणायच्या, श्वास घ्या, श्वास सोडा. माझा मात्र कोंडायचा.

माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर होते. रविवारी विहारात वंदना झाली की ते भिंतीला न टेकता अर्धा तास ध्यानाला बसत. एकदा त्यांना ताप होता, तर मी म्हणालो, "बाबा, आज तुमच्याऐवजी मी बसतो." ते तापातही हसले. "बापाच्या वाटचं पोराले जेवता येत नाही, अन् बसताही येत नाही. ज्याचं त्यानंच करा लागते." हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी चौदा जणांच्या वाटचं बसत होतो, आणि खरं म्हणजे बसतही नव्हतो.

चेहऱ्यांचं मी पहिल्याच महिन्यात शिकलो. एकदा घाईत विज्ञानाच्या सरांच्या फोनवर चुकून रडका चेहरा दाबला गेला. लगेच वीस मिनिटांचं विशेष सत्र सुरू झालं, समोरचा कॅमेरा उघडला आणि फोन म्हणाला, चेहरा चौकटीत आणा. त्याला सरांचंच तोंड पाहिजे होतं, माझं चालेना. सर वर्ग सोडून आले, घामाघूम होऊन वीस मिनिटं फोनपुढे बसले. वरून कार्यालयाचा मुख्याध्यापकांना मेल, सदर कर्मचाऱ्याबाबत काय उपाययोजना केली? हात दाखवून अवलक्षण! तेव्हापासून मी सगळ्यांचा पहिलाच चेहरा दाबायचो, अतिशय शांत. रोज, न चुकता, माझ्या स्वतःच्या फोनवरसुद्धा.

आता गणिताच्या मॅडमबद्दल. त्यांचं घर अकोल्याला. नवऱ्याची नोकरी तिथं, मुलीची शाळा तिथं. मॅडम रोज सकाळी अकोल्याहून निघायच्या, अकोटला गाडी बदलायच्या आणि सव्वादहाला आमच्या फाटकात यायच्या. उन्हाळ्यात सकाळची शाळा असली की पाचलाच घर सोडायच्या. अकरा वर्षं हेच चाललं होतं. मागच्या वर्षापासून त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. अकोटच्या स्टँडवर एकदा त्या पायरीवरच बसून राहिल्या आणि त्यांची गाडी निघून गेली. डॉक्टरांनी लिहून दिलं की प्रवास कमी करा, ताण कमी करा. अकोल्याच्या आमच्याच शाळेत गणिताची जागा उन्हाळ्यात रिकामी होणार होती. ती मिळाली तर सगळं सुटणार होतं. "भाऊ, एवढं एक झालं ना, तं मी जगली," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

जानेवारीतली एक सकाळ मला विसरता येत नाही. मॅडम दारात उभ्या होत्या. पर्स अजून खांद्यावरच होती आणि ओठ पांढरे पडले होते. फोन ट्रेमध्ये ठेवताना त्या म्हणाल्या, "भाऊ, आज माझा रडका दाबा. खरंच लय घाबरल्यासारखं होऊन राहिलं."

मी हसलो. खरंच हसलो. "मॅडम, वीस मिनिटं तोंड दाखवा लागते मग. बसता का?"

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. दहावीच्या त्या वर्गशिक्षिका, पहिला तास त्यांचाच. "राहू द्या मग," असं म्हणून त्या गेल्या. मी अतिशय शांत दाबलं आणि पुढचा फोन उचलला.

एप्रिलमध्ये त्यांचा बदलीचा अर्ज मीच टाइप केला. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं, आवक-जावक क्रमांक टाकला, मुख्याध्यापकांची शिफारस जरा जड शब्दांत लिहिली. अर्ज चांगला झाला होता. फाईल घेऊन मुख्याध्यापक आणि मी अमरावतीला गेलो. दीड तास बाकावर बसल्यावर आत बोलावलं. संस्थेच्या सचिवांनी अर्ज उघडला आणि त्यावर ॲपमधून काढलेला एक छापील कागद ठेवला. हिरव्या रंगाची एक सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं खड्डा नाही, चढ नाही.

"या मॅडमना ताण आहे म्हणता?" सचिव म्हणाले. "ऑगस्टपासून एक दिवस बिघडलेला नाही. आपल्या पूर्ण संस्थेत सर्वांत शांत कर्मचारी आहेत या! सर्टिफिकेट काय, कोणीही आणतो. हे यंत्र आहे, ते खोटं बोलत नाही." मग त्यांनी दुसरा कागद दाखवला, परतवाड्याच्या एका गणिताच्या शिक्षकाचा. त्यानेही अकोल्याची जागा मागितली होती. तो गडी रोज स्वतः बसायचा आणि जे वाटेल ते दाबायचा. त्याची रेघ खालीवर, लाल, पिवळी. "खरी गरज याला आहे. अकोल्याला हाच जाईल."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: साहेब, ती रेघ मॅडमची नाही, माझ्या बोटाची आहे. टेबलाखाली मुख्याध्यापकांनी माझा गुडघा धरला आणि सोडलाच नाही. गुडघा त्यांनी धरला होता, जीभ तर कोणी धरली नव्हती. चहा आला, तो मी प्यायलो.

परतवाडा मार्गे येणाऱ्या गाडीत मुख्याध्यापक म्हणाले, "तुमी बोलले असते तं काय झालं असतं? चौदा जणांवर कारवाई. मॅडमवरही. खोटी नोंद करवली म्हणून. बदली तं सोडाच, वेतनवाढ थांबली असती तिची."

"मग तिनं काय करावं, सर?"

"मले काय विचारता? माझाही फोन त्याच ट्रेमधे होता."

ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगितलं तर मॅडम अडकतात, न सांगितलं तरी त्याच अडकतात, आणि दोन्हीकडून दोरी माझ्याच हातात. आयुष्यभर मी लोकांची कामं अडू दिली नाहीत, याचा मला मोठा अभिमान होता. त्या गाडीत मला त्या अभिमानाची किळस आली.

तरी मी पत्र टाइप केलं. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा सगळे गेल्यावर बसलो. 'सदर नोंदी संबंधित कर्मचाऱ्यांनी केलेल्या नसून, त्यांनी आणून दिलेल्या फोनवर त्या माझ्याकडून करण्यात आल्या आहेत. तरी गणित शिक्षिकेच्या अर्जाचा फेरविचार व्हावा.' सही केली. पाठवण्याआधी मॅडमना दाखवावं, एवढी अक्कल मला या वेळी सुचली. अकोटच्या गाडीला वेळ होता म्हणून त्या व्हरांड्यात थांबल्या होत्या. अर्ज नामंजूर झाल्याचं त्यांना कळलंच होतं, का झाला ते मी तिथं उभ्यानेच सांगितलं.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "यात लिहिलं, फोन कर्मचाऱ्यांनी आणून दिले."

"खरंच आहे ते, मॅडम."

"हाव ना. म्हणून तं म्हणते." त्यांनी पत्राची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "तुमची नोकरी किती राहिली, भाऊ?"

"सहा वर्षं."

"तुमी सहा वर्षांत मोकळे. मले सोळा काढायची आहेत, याच लोकायच्या हाताखाली. नका देऊ."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आमच्याकडे माणूस रागावला की तोंडावर बोलतो आणि विषय संपतो. मी म्हणालो, "मॅडम, चूक माझी आहे." त्या पर्समधून पाण्याची बाटली काढत म्हणाल्या, "मी एक दिवस खरं सांगतलं होतं ना तुमाले. काहून हसले होते तुमी?" गाडीची वेळ झाली तशा त्या गेल्या.

जूनमध्ये नवं सत्र सुरू झालं. परतवाड्याचे ते शिक्षक अकोल्याला रुजू झाले. त्यांचं काही चुकलं नाही. संस्थेच्या बैठकीत ॲपचं कौतुक झालं, आमच्या शाळेला प्रमाणपत्र मिळालं आणि ते मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लागलं. आता ॲप बंद होण्याचा प्रश्नच उरला नाही. मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणून पाहिलं, की यापुढे ज्याचं त्याने करा. सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मी त्यांचं पाणी तोडतोय. दुसऱ्या दिवशी ट्रे पुन्हा भरलेला.

पहिल्या सोमवारी मॅडम सव्वादहाला आल्या. चालत येतानाच त्यांना धाप लागलेली दिसत होती. त्यांनी फोन ठेवला. दहा मिनिटं झाली, पाच चेहरे उघडले, तेव्हा त्या रजिस्टरवर सही करायला माझ्या टेबलाशीच उभ्या होत्या. इतक्या महिन्यांत जे मी एकदाही केलं नव्हतं ते केलं. विचारलं, "मॅडम, आज खरं काय दाबू?"

त्यांनी फोनकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाहेर दहावीची पोरं प्रार्थनेच्या रांगेत उभी राहत होती.

"खरं सांगाले वीस मिनिटं लागतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ पाच आहेत."

हजेरीपट घेऊन त्या वर्गाकडे गेल्या. मी पहिला चेहरा दाबला.