न झाडलेली खोली

पाहुणा निघून गेला की त्याची खोली लगेच झाडायची नाही, हा आमच्या थोरल्या काकूचा कायदा होता. गावाला निघालेल्या माणसाच्या पाठोपाठ केर काढत नाहीत, तो मयत उचलल्यावर काढतात. हे आपल्याकडे सगळेच पाळतात, पण घटकाभर. काकू पाळायची ते पाहुणा पुढच्या मुक्कामी पोचल्याचा फोन येईपर्यंत. आणि तिच्याकडे पाहुण्यांची ये-जा कायमची. चारठाण्याची जुनी देवळं बघायला पाठीवर सॅक घेऊन येणाऱ्या परदेशी पोरापोरींना ती घरातल्या खोल्या राहायला द्यायची.

एकदा स्पेनचा एक पोरगा इथून वेरूळला गेला आणि फोन करायचं साफ विसरला. खोली तशीच पडून. नव्या पाहुण्यांना काकूने स्वतःची खोली दिली आणि काकांची वळकटी ओसरीवर टाकली. काका वैतागले, अशाने धंदा होतो का म्हणाले. काकू भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याची आई बी कुटंतरी वाट बघायली आसंल की." घरात इंग्रजी बोलणारी मी एकटी पुतणी, त्यामुळे त्याला शोधून काढणं माझ्या गळ्यात. तो सापडला, सुखरूप होता, आणि मगच काकूने केरसुणी हातात घेतली.

पाहुण्यांच्या पानात ती तूप वाढायची ते हात आखडता न घेता. पण कुणाचं अंग जरा कोमट लागलं की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. काहीतरी निमित्त काढून उशाशी बसून राहायची.

तिचा मुलगा सुमित पुण्यातली नोकरी सोडून असाच सॅक घेऊन व्हिएतनाम बघायला गेला होता. तिथे एका कुटुंबाच्या हॉस्टेलात उतरला आणि तापाने पडला. मालकीणबाईंनी त्याला पातळ भात भरवला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, शेवटी दवाखान्यात नेलं. तिथेच तो गेला. तो घरातून निघाला त्या दुपारी सुमितच्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून त्याची एसटी वळते न वळते तोच काकूने सगळं घर झाडून घेतलं होतं. तेवढंच तिने मनाला लावून घेतलं. या खोल्या तिने त्यानंतर सुरू केल्या. आम्ही तिला किती समजावलं, पण काही उपयोग झाला नाही.

काकू यंदा फाल्गुनात गेली. त्याआधी थोडेच दिवस त्या मालकीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी बसून त्यांची मुलगी इंग्रजीत सांगत होती, मी काकूला मराठीत. बाई रडत होत्या. दवाखान्यात न्यायला मी उशीर केला, मला माफ करा, म्हणत होत्या.

काकू म्हणाली, "तिला सांग, तुजा काय बी दोष न्हाई. परक्या लेकराला तू पोटच्यावानी बघितलंस."

मी सांगितलं. तिकडे बाईंनी हात जोडले. फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, मग तुझा तरी काय दोष, काकू?

"तिचं येगळं," काकू म्हणाली. "मी आई हाय."