इंजिनिअरची निळी वही

ही हकीगत मी पंधराहून अधिक वर्षे टाळली. विसरलो म्हणून नव्हे. आम्ही निवृत्त पोलीस अधिकारी जमलो की प्रत्येक जण आपली एखादी केस सांगतो. माझी पाळी आली की मी दुसरीच कुठली तरी सांगत असे. आता मी शहात्तर वर्षांचा आहे आणि टाळायला फारशी जागा उरलेली नाही. नावे देत नाही, कारण काही जण हयात नाहीत आणि जे आहेत त्यांना त्रास नको.

मी तंजावूरचा. राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या सात पिढ्या गेल्या. घरात मराठी, बाहेर तमिळ, कागदावर इंग्रजी. आमच्यातल्या बहुतेकांप्रमाणे मलाही देवनागरी वाचता येत नव्हती. खात्यात मात्र हे कोणाला ठाऊक नव्हते. बाहेरून मोठे अधिकारी आले की त्यांना मोठे देऊळ दाखवायला मला पाठवत. तिथल्या भिंतीवर राजघराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. त्यातला मजकूर एका वाटाड्याकडून ऐकून मी पाठ केला होता. ओळींवरून बोट फिरवत मी तो म्हणून दाखवायचो. बोट एका ओळीवर आणि मजकूर भलत्याच ओळीतला, पण पाहुण्यांना ते कसे कळणार? आमचे डीएसपी कौतुकाने म्हणत, "आमचे राव दगडसुद्धा वाचतात." मी हसून मान डोलवायचो.

निवृत्तीला दहा महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. निवडणूक जवळ आली होती. अशा वेळी परवानाधारकांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घ्याव्या लागतात. माझा ठाणे लेखनिक दिवसभर पावत्या फाडत होता. त्याच सुमारास ओरत्तनाडूच्या बाजूला शेतात पाखरे मारताना एका माणसाच्या हातात गावठी बंदूक फुटली आणि त्याची दोन बोटे गेली. बंदूक कुठून आणली हे तो सांगेना. डीएसपींनी बजावले की बनवणारा मतदानाआधी हाती लागला पाहिजे.

चौथ्या दिवशी खबर आली. पापनाशमच्या रस्त्यावर भंगाराचे आवार असलेला एक माणूस अधूनमधून आम्हाला चोरीच्या मालाची माहिती द्यायचा. तो म्हणाला, तुमच्याच राजवाड्याच्या गल्लीत एक म्हातारा इंजिनिअर राहतो. माझ्याकडून नळ्या घेऊन जातो, दुपारभर घरात कानस चालवतो, आणि पूर्वी बंदुकांच्याच कारखान्यात होता.

शेवटचे वाक्य खरे होते. ते यंत्र अभियंता होते आणि त्यांची चौतीस वर्षे सरकारी शस्त्र कारखान्यात बंदुकांचे आराखडे करण्यात गेली होती. त्यांना मी तोंडओळखीने जाणत होतो. उंच, सडपातळ, कमरेला धोतरासारखी पांढरी वेष्टी, खिशाला दोन पेन्सिली.

झडतीला गेलो तेव्हा अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओट्यावर भाजी चिरत होत्या. त्यांनी उठून आम्हाला वाट दिली. मागच्या खोलीत एक छोटे लेथ, पकडी, नळ्यांचे तुकडे आणि टेबलावर अर्धवट जोडलेली बंदूक. भिंतीवर चौकटीत पाच पेटंटे. मालक म्हणून कारखान्याचे नाव, शोधक म्हणून यांचे. ती पेटंटे त्यांच्या बाजूने बोलतील असे कोणालाही वाटेल. आमच्या नजरेला उलट दिसले. डीएसपी चौकटींकडे बघत म्हणाले, "बंदूक बनवता येते याचा दाखला त्यानेच भिंतीवर टांगलाय."

पंचनाम्यात, आमच्याकडे त्याला महजर म्हणतात, आम्ही सगळ्या वस्तू नोंदवल्या. त्यात निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती, सगळी देवनागरीत, मधे मधे आकृत्या.

चौकशी माझ्या खोलीत झाली. मी तमिळमध्ये सुरुवात केली, त्यांनी माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचली आणि चेहरा सैल झाला.

"आपण आपल्यांतले, राव? मग बरें झालें. या लोकांस काय सांगावें मला सुचत नव्हतें."

मी फुटलेली बंदूक त्यांच्यापुढे ठेवली आणि ही तुमची का, असे विचारले. त्यांनी चष्मा काढून ती डोळ्यांजवळ नेली. मी कितीतरी आरोपी पाहिले आहेत. खोटा आरोप झाला की माणूस रडतो, चिडतो किंवा देवाची शपथ घेतो. हे गृहस्थ अपमानित झाले, पण वेगळ्याच कारणाने.

"हें मी केलें म्हणतां? ही जोडाची नळी आहे, पत्रा वळवून सांधलेली. असली नळी मी बागेला पाणी द्यायलाही घेणार नाहीं. आणि हे बोल्ट पाहा, जुन्या पंपसेटचे. ज्याच्याकडे पंपसेट मोडायला येतात, त्यास विचारा."

मग त्यांनी सांगितले की टेबलावरची बंदूक म्हणजे नुसता नमुना आहे, ॲल्युमिनियमचा, त्यातून गोळी सुटणेच शक्य नाही. हातातून पडली तरी बंदूक उडू नये अशी एक कळ त्यांनी शोधली होती. तिच्या पेटंटचा पहिला अर्ज दिला होता. पूर्ण तपशील एका वर्षाच्या आत द्यावा लागतो, नाहीतर अर्ज बाद होतो. सात महिने उरले होते. "पांच पेटंटें कारखान्याचीं," ते म्हणाले, "हें एक माझें."

भंगारवाल्याचे नाव त्यांनीच घेतले. तो दोन माणसांना घेऊन घरी आला होता, एक मोडकी गावठी बंदूक दुरुस्त करून मागत होता, यांनी हाकलून दिले. मी पुरावा मागितला तेव्हा ते म्हणाले, "वही तुमच्या हातांत आहे. अकरावें पान पाहा, तारखेनिशी लिहिलें आहे. कारखान्यांत सगळें इंग्रजींत लिहिलें. स्वतःचें म्हणून जें लिहिलें तें मराठींत. माझ्या मुलींना वाचतां येत नाहीं, तुम्हीं तरी वाचाल."

आकडे मला ओळखता येत होते. मी अकरावे पान काढले. दारात डीएसपी उभे होते; आरोपीचे म्हणणे मी त्यांना तमिळमध्ये सांगितले होते. लेखनिक पेन उचलून माझ्याकडे बघत होता. पानावर अक्षरे मुंग्यांसारखी ओळीने चालली होती. मी डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले, शिलालेखासमोर फिरवायचो तसेच.

"आहे का तसं काही, राव?" डीएसपींनी विचारले.

मी म्हणालो, "नाही, सर."

ते तेव्हा का म्हणालो, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. 'आहे' म्हटले असते तर ओळ न् ओळ वाचून दाखवावी लागली असती. 'नाही' वाचून दाखवावे लागत नाही. शिवाय खबऱ्या सहसा खोटे सांगत नाही आणि आरोपी नेहमी दुसऱ्याचे नाव घेतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. लेखनिकाने विचारले, ग्रंथालयातून कोणी वाचणारा बोलवायचा का? डीएसपी म्हणाले, घरात राव असताना बाहेर कशाला शोधायचे. मी तसे टिपण लिहून सही केली: वही वाचली, आरोपीच्या म्हणण्याला आधार देणारा मजकूर आढळला नाही.

इंजिनिअरांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. यंत्र कुठे अडते आहे ते शोधताना माणूस बघतो तसे.

आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदला गेला. एकोणीस दिवस ते कोठडीत होते. विसाव्या दिवशी दुसरी गावठी बंदूक सापडली. तिचेही बोल्ट पंपसेटचे होते. मग मात्र मला राहवले नाही. मी स्वतः भंगाराच्या आवारात गेलो. मोडलेल्या पंपसेटचा ढीग कमरेइतका उंच होता आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत जोडाच्या नळ्या कापून ठेवलेल्या होत्या. भंगारवाल्याने तासाभरात कबुली दिली. म्हातारा पोलिसांत जाईल या भीतीने आपणच आधी खबर दिली, असेही म्हणाला. म्हणजे अकराव्या पानावर काय होते ते मला त्या दिवशी कळले.

वर्तमानपत्रात माझे नाव आले. इंजिनिअर सुटले. त्यांच्यावरच्या गुन्ह्याची फाईल 'मिस्टेक ऑफ फॅक्ट' असा शेरा मारून बंद करायला पाठवली. खात्यात हा नेहमीचा शेरा आहे. वस्तुस्थितीची चूक, माणसाची नव्हे.

इथवरची चूक लाजेपोटी झाली असे म्हणता येईल. पुढची तशी नव्हती.

न्यायालयाने अहवाल मान्य करीपर्यंत जप्त वस्तू परत देता येत नाहीत. इंजिनिअरांनी मला पत्र लिहिले, इंग्रजीत, अगदी नम्र. सगळी मोजमापे वहीत आहेत, डोळे अधू झाल्याने पुन्हा काढणे जमत नाही, मुदत जवळ येते आहे, निदान वहीची छायाप्रत मिळावी. एक साधा अर्ज न्यायालयात द्यायचा होता. माझ्या सहीने तो आठवड्यात मंजूर झाला असता. पण छायाप्रत पेटंटवाल्या वकिलाकडे जाणार, तो कोणाकडून तरी भाषांतर करून घेणार, अकरावे पान वाचले जाणार, आणि माझे टिपण फाईलीत होते. मी ते पत्र फाईलीत मागच्या बाजूला लावले. दुसरे पत्र आले, तेही लावले. तिसरे आले नाही. मुदत संपली, मी निवृत्त झालो. सत्काराला डीएसपी दगड वाचण्याचा विनोद पुन्हा सांगून गेले. वही माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याने परत केली. तेव्हा अर्ज बाद होऊन बरेच दिवस झाले होते.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी देवनागरी शिकायला लागलो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे रोज सकाळी पाटी घेऊन बसायचो. ते विचारत, आतां कशास, राव? मी म्हणायचो, वेळ जात नाही. जोडाक्षरांनी मला फार छळले. वाचता येऊ लागल्यावर लिहायला शिकलो, आणि लिहायला आल्यावर मी पहिले पत्र लिहिले ते इंजिनिअरांना. चार ओळींचे. ते डाकेत टाकवले नाही. हातातच द्यावे असे ठरवले, मग न जाण्याची कारणे वर्षानुवर्षे शोधत राहिलो, आणि शेवटी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो.

अक्कांनी दार उघडले. मला ओळखले, तरीही आत या म्हणाल्या. इंजिनिअर खुर्चीत बसले होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. खिशाला पेन्सिली नव्हत्या. मी नाव सांगितले. ते म्हणाले, "बसा, राव."

माझ्या खिशात पत्र होते. ते द्यायचे कोणाला? त्यांना दिसत नव्हते, अक्कांना आणि मुलींना वाचता येत नव्हते. त्या घरात देवनागरी वाचू शकणारा मी एकटा होतो.

त्यांनीच अक्कांना वही आणायला सांगितली. "तीन वर्षें मला हें वाचतां आलें नाहीं. तुम्ही वाचलेली आहे. पुन्हा वाचून दाखवा."

मी पहिले पान वाचले. अडखळत, बोट ठेवून. त्यात लिहिले होते की पापनाशमच्या खजिन्यावर पहाऱ्याच्या शिपायाच्या हातून बंदूक निसटली, फरशीवर आपटली आणि गोळी सुटून तो गेला. वय सव्वीस. पुढची ओळ अशी होती: 'बंदूक पडणें हा शिपायाचा दोष नव्हे. पडल्यावर उडणें हा बंदुकीचा दोष आहे.' त्या मृत्यूची चौकशी मी केली होती. कारणाच्या रकान्यात मी शिपायाचा निष्काळजीपणा लिहिला होता.

अकराव्या पानाशी मी थांबलो. ते म्हणाले, वाचा. भंगारवाल्याची सगळी हकीगत तिथे होती, तारखेनिशी. शेवटी लिहिले होते: 'पोलिसांस कळवावें. आपल्यांतले एक राव ठाण्यांत आहेत, भले गृहस्थ म्हणतात. त्यांस भेटावें.'

मी वही मांडीवर ठेवली.

"नवीन शिकलां?" त्यांनी विचारले.

"हो."

"केव्हां?"

"निवृत्तीनंतर."

त्यांनी मान हलवली. अक्कांनी कॉफी आणून ठेवली. ते चेहरा माझ्याकडे करून बसून राहिले. माणूस बोलावा म्हणून गप्प बसणे ही आमची युक्ती. मी ती शेकडो लोकांवर वापरली होती आणि तिच्यापुढे किती वेळ टिकता येते हे मला ठाऊक नव्हते. मी टिकलो. उरलेले गुरुवारी येऊन वाचीन म्हणालो.

"या," ते म्हणाले. "अजून बरींच पानें आहेत."

गुरुवारी घराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी सांगितले, सोमवारी इस्पितळात नेले. ते परत आले नाहीत.

लोक विचारतात, एवढ्या नोकरीत काय शिकलात? माणसे मोठ्या लोभापायी खोटे बोलतात असे मी कनिष्ठांना शिकवत आलो. तसे नसते. पुष्कळदा खोटे एवढ्याशा लाजेतून येते, आणि पुढे तिला सांभाळण्यासाठी माणूस दुसऱ्याचे आयुष्य मोडतो. चौकशीच्या टेबलाच्या या बाजूलाही तेच घडते. ती कळ कोणत्याच बंदुकीत बसली नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या खांद्याला बंदूक दिसली की मी अजूनही तिच्याकडे बघतो.

अक्का हयात आहेत. हे छापून आले तरी त्यांना वाचता येणार नाही, आणि वाचून दाखवायला मी जाईन असे मी आता कोणाला सांगत नाही. पत्र माझ्याजवळच आहे. त्यातल्या चार ओळी अशा:

साहेब, मी तुमची वही वाचली नव्हती. मला वाचता येत नव्हते आणि ते सांगायला लाज वाटली. तुमची दोन्ही पत्रे मला मिळाली होती. मला क्षमा करा.