हारूनच्या गाडीचं इंजिन

जुन्या जीपमध्ये नवं इंजिन बसवायचं म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला कधी कळत नाही. त्याला वाटतं, एक काढलं, दुसरं ठेवलं, चार बोल्ट आवळले, झालं. अरे बाबा, इंजिन आजचं आणि गिअरबॉक्स बापाच्या जमान्यातला. एकाची भोकं दुसऱ्याला जुळत नाहीत. ती जुळवायला मध्ये लोखंडी प्लेट लागते आणि ती प्लेट मी करतो. मी यशपाल, राहायला भवानी पेठेत, लेथचं दुकान अक्कलकोट रस्त्यावर. शेजारचं गॅरेज इसूफ मिस्त्रींचं, आणि सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

इसूफभाई साठीला आलेले. बारीक अंगकाठी, कानावर पेन्सिल, तोंडात शिवी कधी नाही. माझ्या तोंडात ती असतेच, म्हणून आमचं जमत असावं. त्यांची एक पद्धत होती. ज्या इंजिनाचं काम करतील त्यावर खालच्या बाजूला लोखंडी पंच ठोकून तीन टिंबं मारायची आणि शेजारी गाडीचा नंबर. दुसऱ्याने वाट लावलेलं इंजिन घेऊन कुणी भांडायला आलं, की भाई वाकून बघायचे आणि म्हणायचे, "हे माझं न्हाय." विषय संपला.

चार वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ हारून गेला. तो पिकअपमधून भाजी वैरागच्या बाजारात न्यायचा. जानेवारीतली सकाळ, दाट धुकं. वैरागच्या अलीकडे गाडी रस्त्यातच उभी होती, कारण कडेला रुंदीकरणासाठी चर खणलेला. हारून बॉनेट उघडून वाकला होता आणि मागून ट्रक येऊन धडकला. त्याच्याच गाडीखाली तो सापडला. गाडी बंद पडली म्हणून थांबला, असं सगळे म्हणाले. त्या इंजिनाचं काम आदल्याच दिवशी इसूफभाईंनी केलं होतं.

तेव्हापासून हा माणूस एकाच प्रश्नात अडकला. गाडी माझ्या हातामुळे बंद पडली का? बघायला ती मिळालीच नाही. पोलिसांकडून विमावाल्यांकडे आणि तिथून भंगारात गेली. भाई मग आवळलेला बोल्ट पुन्हा पुन्हा आवळायला लागले. गिऱ्हाईक गाडी घेऊन निघालं की मोटरसायकलवर होटगीपर्यंत त्याच्या मागे जायचे. जेवता जेवता घास हातात धरून कान द्यायचे.

"काय झालं, भाई?"

"गाडी बंद पडल्यागत वाटलं."

रस्त्यावर गाडी नसायचीच. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायची. दर शुक्रवारी ते हारूनच्या बायकोकडे, झीनतकडे, पिशवीभर सामान घेऊन जायचे आणि उंबऱ्याबाहेरूनच परतायचे. चार वर्षांत त्या घरात पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

मागच्या मार्चमध्ये अक्कलकोटकडचे सिद्धाप्पा जीप ओढून घेऊन आले. जीप वडिलांची, इंजिन पार गेलेलं. "नवं डिझेल इंजिन बसवा. पण गाडी मातर हीच ऱ्हायली पायजे की," म्हणाले. भंगार बाजारातून त्यांनी स्वतःच एक इंजिन आणलं होतं आणि नवरी बघून आल्यासारखे खूश होते. इंजिन उतरवून ते गावी गेले.

इसूफभाईंनी ते रॉकेलने धुवायला घेतलं. मी प्लेटसाठी माप घेत होतो. ब्रश थांबला. काळ्या मेणचट थराखालून तीन टिंबं निघाली होती आणि शेजारी ४१७२.

"हारूनची गाडी," भाई म्हणाले आणि जमिनीवर बसले.

मी म्हणालो, "परत पाठवू. सिद्धाप्पांना मी सांगतो, माल खराब हाय म्हणून."

"न्हाय यशपाल. चार वर्षं मी हेच मागत हुतो. उघडून बघतो."

दोन दिवस शटर अर्धं ओढून काम चाललं. एकेक भाग निघत होता. भाई तो पुसून उजेडात धरायचे आणि मी तो फळीवर ओळीने मांडायचो. पिस्टन चांगले. बेअरिंग चांगले. ऑइल पंप, डिझेल पंप, सगळं जिथल्या तिथे, त्यांनी बसवलं होतं तसंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भजी आणि चहा मागवला. "सुटलात भाई," म्हणालो. ते हसले. चार वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यांनी इंजिन परत जोडायला घेतलं आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या ब्रॅकेटपाशी त्यांचा हात थांबला. तिथला एक बोल्ट नव्हता.

"भंगारवाल्यानं काढला आसंल," मी म्हणालो.

त्यांनी माझं बोट धरून तिथे फिरवलं. लोखंड आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. "ही चकाकी भंगारात येत न्हाय. चालत्या गाडीत घासून येती. बोल्ट आवळायचा ऱ्हायला माझ्याकडनं. तो पडला आन् ब्रॅकेट वाजाय लागलं."

"आन् त्यानं गाडी बंद पडली?"

"न्हाय. नुसता खडखड आवाज. इंजिनाला कायबी होत न्हाय. वैराग काय, पुण्यापतुर गेला आसता." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "गाडी बंद पडली न्हाय, यशपाल. त्यानं बंद केली. आदल्या सांजंला मीच सांगितलं हुतं. नवं काम हाय, जरा जरी आवाज आला तर जितं आसशील तितंच बंद कर, एक फूटबी पुढं नेऊ नको. ल्हानपणापास्नं त्यानं माझा शब्द कधी मोडला न्हाय."

मी चहाचे पेले उचलायला लागलो. पण पुढे ते "झीनतला सांगाय पायजे" म्हणाले, तेव्हा मी भडकलो. आयुष्यात त्यांच्यावर एवढा चिडलो नव्हतो.

"कशाला? तिची जखम उकरून तुमाला हलकं व्हायचंय का?"

"हलकं कशाचं? उद्या म्हणली तोंड दाखवू नका, तर दाखवणार न्हाय. पर तिचा नवरा कशानं गेला ते तिला कळाय पायजे."

तिच्याशिवाय या माणसाला भावाच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं, आणि तेवढंही तो स्वतःच्या हाताने तोडायला निघाला होता. मी दुकानात जाऊन लेथ सुरू केला आणि एक चांगली प्लेट बिघडवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भाईंचा निरोप मिळून झीनत आली. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, तिथूनच आली होती. इंजिन स्टँडवर जोडून तयार, त्यात नवा बोल्ट, वर डिझेलचा छोटा डबा टांगलेला. भाईंनी तिला तीन टिंबं दाखवली, ब्रॅकेट दाखवलं आणि सगळं सांगितलं. स्वतःला वाचवणारा एक शब्दही त्यांनी मध्ये घातला नाही.

एरवी त्यांचं घरातलं बोलणं दखनी उर्दूत चालायचं. त्या दिवशी ती मराठीत बोलली, बहुतेक मीही ऐकावं म्हणून.

"मला म्हायती हाय, भाईजान."

भाईंनी मान वर केली.

"त्या सकाळी त्येंचा फोन आला हुता. गाडीतनं खडखड येतीया म्हणले. मी म्हणलं, वैराग जवळच हाय की, जावा तसंच. तर म्हणले, न्हाय, भाईनं थांबाय सांगितलंय. फोन चालूच हुता. गाडी बंद झाल्याली मी ऐकली. बॉनेट उघडल्यालं ऐकलं."

"चार वर्षं? आन् मला कधी सांगितलं न्हाईस?"

"तुमी दर शुक्रवारी दारातनंच माघारी जायचा. हे सांगितलं आसतं, तर दारापतुर तरी आला आसता का?"

मी मान खाली घातली. कालचं माझं बोलणं मला आठवलं आणि लाज वाटली. हिला जपायला निघालो होतो मी, आणि चार वर्षं तीच भाईंना जपत होती.

"चालू करा," झीनत म्हणाली.

भाईंनी बॅटरीच्या तारा लावल्या. पहिल्याच झटक्यात इंजिनाने धरलं. खडखड नाही, काही नाही. एकसारखं, शांत चालत राहिलं. झीनत डोळे मिटून ऐकत होती आणि भाई लहान मुलासारखे रडत होते.

बंद करायला डिझेल तोडणारी फक्त एक तार ओढायची होती. भाईंचा हात दोनदा तिथे गेला आणि दोनदा मागे आला. मी पुढे झालो, पण तारेला बोट लावायचं मलाही जमलं नाही. डब्यातलं डिझेल संपेपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे राहिलो.