मोर्णेकाठचा सरकारी देव

फलकावरचं एकही अक्षर दिसत नव्हतं. वरपासून खालपर्यंत शेंदूर, मध्ये चांदीचे दोन डोळे, पायाशी झेंडूची फुलं. अन् दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेब इन्स्पेक्शनला येणार होते. माझ्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते. मी तिथंच बांधावर बसले अन् स्वतःलाच म्हटलं, झालं बाई, आता मेमो घेऊनच घरी जा.

मी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्यात होते. अकोल्याबाहेर मोर्णा नदीच्या काठी, भाजीच्या मळ्यांमध्ये आमचा एक वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीत उभा केलेला कोरीव दगड. खाली लढाई, वर तो वीर स्वर्गात. मळ्यातल्या बायांचं म्हणणं, विळ्याला अशी धार दुसऱ्या कुठल्याच दगडावर लागत नाही. रोज सकाळी मेथी कापायच्या आधी खर्रखर्र सुरू. वीरगळावर कोरलेल्या घोड्याचे पुढचे दोन पाय त्यातच गेले. मी ओरडून थकले. असंच चाललं असतं तर घोड्यामागून वीरही गेला असता, अन् मग आम्ही पेन्शन कोणत्या तोंडानं खायची?

म्हणून फलक लावायचा ठरला. आधीचा फलक पत्र्याचा होता. तो आठ दिवसांत गायब झाला अन् बकरीच्या गोठ्याचं दार होऊन सापडला. आत बकरी, बाहेर ‘संरक्षित स्मारक’, मी स्वतः वाचलंय. या वेळी मी हट्टानं दगडाचा फलक करून घेतला. कमरेएवढी काळी शिळा, तिच्यावर कोरलेली अक्षरं: ‘येथे हत्यारांना धार लावू नये’. अन् बसवताना नारळ फोडला. आमच्या ऑफिसात नवा प्रिंटर आला तरी नारळ फुटतो, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हळद-कुंकूही मीच वाहिलं, हातही जोडले. तीन महिन्यांनी येऊन पाहते तर हे!

मी पिशवीतून रॉकेल, चिंध्या अन् ब्रश काढला. शेजारच्या मळ्यातल्या शेवंताबाई पालकाच्या वाफ्यातून उठून आल्या.

“काय करून राहिल्या मॅडम?”

“शेंदूर काढते. हा देव नाही, सरकारी फलक आहे.”

“मंग नारय कोनं फोडला?”

मी चिंधी रॉकेलात बुडवली.

“हयद-कुंकू कोनं वाह्यलं? मॅडम हात जोडून राहिल्या म्हनजे काहीतरी असंनच, म्हून आमी शेंदूर लावला. आता आपला देव आपनच खरडता?”

मुद्दा बिनतोड होता. शिवाय यंदा त्यांच्या वांग्यांना कीड लागली नव्हती, त्याचंही श्रेय त्यांनी माझ्या फलकाला देऊन टाकलं. मी मुकाट्यानं रॉकेल पिशवीत ठेवलं.

साहेब दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. पुण्याकडचे, कडक, मोजून बोलणारे. मळ्यात शिरले, बूट काढले, शेंदराच्या शिळेला नमस्कार केला अन् विचारलं, “फलक कुठंय?”

“सर, आत्ता तुम्ही नमस्कार केला, तोच.”

साहेब असे लाल झाले की शेंदरात अन् त्यांच्यात फारसा फरक राहिला नाही. मेमोची भाषा सुरू झाली. सरकारी मालमत्तेचं विद्रूपीकरण, कर्तव्यात कसूर, सगळं. बोलता बोलता ते वीरगळाकडे वळले अन् थांबले. दगडावर एकही ताजा चरा नव्हता. जुन्या चऱ्यांत शेवाळ धरलं होतं. साहेबांनी शेवंताबाईंना विचारलं, हल्ली इथं धार लावत नाही का कुणी?

“देवासमोर विळा पाजवते का कोनी?” शेवंताबाई म्हणाल्या. “आमी आता विहिरीवरच्या दगडावर पाजवतो.”

साहेबांनी वाकून घोड्याच्या उरलेल्या दोन पायांवरून बोट फिरवलं. मग बूट घातले अन् गाडीत बसून रिपोर्ट लिहिला: ‘फलक वाचता येत नाही. संरक्षण समाधानकारक.’

मेमो आला नाही. चार महिन्यांनी मी सुखरूप रिटायर झाले. खात्यातले नवे लोक कधीमधी सल्ला विचारायला येतात. त्यांना मी सांगते, फलकावर काय लिहायचं यात फार डोकं घालू नका. नारळ मात्र चांगला पाहून आणा.